अगस्त्याखालचे पाच तारे

मी आयुष्यभर पडदे रंगवले. धुळ्यात माझं दुकान होतं आणि दुकानावर पाटी होती, 'येथे नाटकाचे पडदे, दुकानाच्या पाट्या व देवादिकांची चित्रे काढून मिळतील.' पाटीवर एक मोर होता आणि त्या मोराला तीन पाय होते. तिसरा पाय म्हणजे रंगाचा ओघळ. पुसायला गेलो तर तो जास्तच पायासारखा दिसायला लागला, म्हणून तसाच ठेवला. गिऱ्हाइकं विचारत, तेव्हा मी गंभीर चेहऱ्यानं सांगत असे की ही जुनी शैली आहे. यावरून वाचकांना माझ्या कलेची आणि माझ्या स्वभावाची, दोन्हीची कल्पना यावी. पुढं जे सांगणार आहे त्यात या दोन्हींचा सारखाच वाटा आहे.

पडदा रंगवणं म्हणजे काय, हे आताच्या मंडळींना सांगायला हवं. मांजरपाटाचे पट्टे शिवून मोठं कापड करायचं, ते जमिनीवर ताणून कडेनं खिळे मारायचे आणि खडू व सरस गरम पाण्यात कालवून त्याचा हात द्यायचा. वाळलं की अनवाणी त्यावर चालत, लांब दांड्याचा ब्रश घेऊन, जंगल तर जंगल आणि राजवाडा तर राजवाडा उभा करायचा. जवळून पाहिलं तर पडदा म्हणजे नुसते फराटे असतात. तो पाहायचा असतो तीस फुटांवरून, कंदिलाच्या उजेडात, आणि तेही नटाच्या डोक्यावरून. दोन फराट्यांत झाड आहे असं समोरच्याला वाटायला लावणं, एवढीच आमची विद्या. आणि एक खोड. कुठं मोकळी जागा दिसली की आमचा हात शिवशिवतो. राजवाड्याच्या खिडकीत पोपट, जंगलाच्या कोपऱ्यात हरिण, काहीतरी टाकल्याशिवाय चैन पडत नाही.

पडदा पुरा झाला की उजव्या हाताला खाली खूण करायची. मंडळ्या एकमेकांचे पडदे मागून नेत आणि परत करायला विसरत, तेव्हा पडदा कुणाच्या हातचा हे खुणेवरून कळे. माझी खूण पाच ठिपक्यांची होती. खाली चार ठिपके वाटीसारखे आणि वर ज्योतीसारखा एक, म्हणजे पणती. नाटकाच्या पहिल्या दिवशी लोक नायिकेकडं पाहत आणि मी माझ्या कोपऱ्याकडं पाहत असे. नायिकेचं काम करणारा बाप्या कधी त्या कोपऱ्यापुढं उभा राहिला तर मला त्याचा फार राग येई.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. जो तो काहीतरी नवं उभारायच्या गोष्टी करत होता. अशात एका दुपारी वाणी मास्तर माझ्या दुकानात आले. ते जळगावच्या एका शाळेत शास्त्र शिकवत. अंगानं काटकुळे, काखेत छत्री, हातात एक परदेशी मासिक. त्या मासिकात एका मोठ्या घुमटाचं चित्र होतं. आत खुर्च्यांवर लोक माना वर करून बसलेले आणि छतावर सगळं आकाश. मास्तर म्हणाले, असला घुमट आपल्याकडं बांधायला कोण देणार, पण गाडीवर घालून गावोगाव नेता येईल असा एक मंडप तरी करू. मग त्यांनी विचारलं, रात्र रंगवता येते का.

मी म्हटलं, आठ नाटकांच्या रात्री रंगवल्यात.

"त्यातला चंद्र कोणत्या तिथीचा असतो?"

मी म्हटलं, मालक सांगतील त्या तिथीचा. प्रेमाचा प्रवेश असला तर पौर्णिमेचा, खुनाचा असला तर कोरीचा. नट उजवीकडून येत असला तर चंद्र डावीकडं. मास्तरांनी छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली आणि बराच वेळ माझ्या तीन पायांच्या मोराकडं पाहत राहिले. तरी ते परत गेले नाहीत. धुळे जिल्ह्यात सरळ हाताचा दुसरा पेंटर नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. कुणी, ते मला माहीत होतं. ते मीच पसरवलेलं होतं.

आमची पहिली भांडणं रंगावरून झाली. मी गडद निळ्याचे डबे काढून बसलो होतो आणि मास्तर म्हणाले, घुमटाला एक थेंब रंग लागता कामा नये. घुमट पांढरा स्वच्छ हवा. मध्ये पत्र्याचा पोकळ गोळा, त्याला भोकं, आत मोटारीच्या बॅटरीवरचा बारीक दिवा. भोकांतून उजेड येईल आणि छतावर तारे पडतील. मी विचारलं, मग पेंटर कशाला हवा. ते म्हणाले, आकाश कुठं टाकायचं ते मी सांगीन, पण लोकांना आपण आकाशाखाली बसलोय असं वाटलं पाहिजे, ते मला येत नाही. त्यांच्या तोंडून निघालेलं हे एकच कौतुक. पुढची दोन वर्षं मी त्यावर काढली.

घुमटाचा सांगाडा जळगावच्या एका बुरूड जोडप्यानं बांबूचा करून दिला. आयुष्यभर त्यांनी टोपल्या केलेल्या, तेव्हा त्यांनी ही एक पालथी टोपली आहे असं मानलं आणि काम सुरू केलं. मास्तरांनी आणलेल्या आकृत्या त्या बाईनं बसायला घेतल्या. सांगाडा मात्र इंचभरही चुकला नाही. आतून मांजरपाट शिवून त्याला खडूचा हात मी दिला. शिवण दिसू न देणं हे आमच्या धंद्यातलं, ते मी जीव ओतून केलं. घुमटाच्या कडेनं पुठ्ठ्याची काळी चित्रं कापून लावली. उत्तरेला सातपुडा, मध्ये देवळाचा कळस, विहिरीवरची मोट, पश्चिमेला केळीची पानं. खालून तांबडी-पिवळी काच लावलेले कंदील हळूहळू झाकत गेलं की सूर्य मावळे. हे नाटकातलं जुनंच कसब, पण केळीच्या पानांमागं दिवस बुडाला तेव्हा दुपारी बारा वाजता आम्हा दोघांना संध्याकाळ झाल्यासारखं वाटून भूक लागली.

गोळ्यासाठी तांबटाकडून पातळ पत्र्याची दोन अर्धगोल भांडी ठोकून घेतली. मास्तर नकाशावरून जागा काढून देत आणि भोकं मी पाडत असे, कारण त्यांचा हात थरथरे. मोठ्या ताऱ्याला दाभण, लहान ताऱ्याला सुई. पहिल्या भांड्यावर आठवडाभर राबलो आणि दिवा लावला तर सगळं आकाश उलटं. मी बाहेरून भोकं पाडली होती आणि पाहायचं होतं आतून. सप्तर्षींचं शेपूट भलत्याच बाजूला गेलं. मास्तर रागावले नाहीत, ही चूक माझ्याही लक्षात यायला हवी होती म्हणाले. त्याच्या जागी तांबटाकडून नवं ठोकून घेतलं आणि ते वाया गेलेलं भांडं मी घरी आणलं. आमच्या घरच्या मंडळींनी ते उलटं-सुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "बठ्ठं आभाय फोडी टाकं, आते घरमा काय राहिनं?" म्हणजे सगळं आभाळच फोडून टाकलं, आता घरात काय उरलं. पुढं कित्येक वर्षं त्या त्यात धुतलेले गहू निथळत ठेवत असत.

दुसऱ्या भांड्याच्या वेळी मी शहाणा झालो होतो, पण हात शिवशिवायचा तो शिवशिवतच होता. मधूनच मी विचारी, मास्तर, इथं फार ओकंबोकं वाटतंय, दोन टाकू का. ते म्हणत, तिथं ओकंबोकंच आहे. असं दिवसातून चार वेळा. एकदा ते जरा चिडून म्हणाले, पेंटर, आपण फक्त जे आहे ते दाखवायचं. मला हे फार अपमानकारक वाटलं. जे आहे ते दाखवायला पेंटर कशाला, ते लोक घराबाहेर येऊन पाहतातच की.

आणि मग खुणेचा प्रश्न आला. मी खूण करणार म्हटल्यावर मास्तर म्हणाले, आकाशावर सही करायची नाही. मी हो म्हटलं. पण इतक्या मोठ्या कामावर खूण नाही, या विचारानं जेवण जाईना. शिवाय घुमटाला कोपराच नसतो, त्यामुळं खूण करायची कुठं हीही अडचणच होती. शेवटी दक्षिणेला, अगस्त्याच्या खाली उजव्या हाताला, मास्तरांच्या नकाशावर काहीच नसलेली एक जागा मी हेरली. मास्तर जेवायला गेले होते. सर्वांत बारीक सुई घेतली आणि पाच भोकं पाडली. दिवा लावल्यावर क्षितिजाजवळ माझी पणती उगवली. मास्तरांना ती कधी दिसली नाही, कारण खेळ चालू असताना ते लोकांकडं पाहत, आकाशाकडं नाही. मला मात्र प्रत्येक खेळात दुसरं काही दिसतच नसे.

मंडप जळगावला लागला, मग पाचोऱ्याला. खेळ दिवसा असत. कनातींवर काळं कापड टाकलं की आत अंधार. मास्तर प्रत्येक खेळाच्या सुरुवातीला एकच वाक्य म्हणत, "या छतावरचा एकही तारा खोटा नाही." मी त्या वेळी कंदील झाकण्यात फार गुंतल्याचं दाखवी.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. काही जण चपला बाहेर काढून, हात जोडून आत येत. एका सावकाराला आपली रास आपल्या डोक्यावर यावी म्हणून जागा बदलून हवी होती. पाचोऱ्याला संकष्टीच्या दिवशी तीनच्या खेळाला एक सासू-सून आल्या. छतावर चंद्र उगवला तशी सून उठली आणि विचारू लागली, आता उपास सोडला तर चालेल का. मास्तरांनी समजावलं की हा खरा चंद्र नव्हे, चंद्राची नुसती प्रतिमा आहे. ती म्हणाली, देवाच्या तसबिरीपुढं नैवेद्य चालतो, मग हे का चालू नये. देवादिकांच्या तसबिरी काढणारा म्हणून मला ते फार पटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. शेवटी सासूनं निकाल दिला की पत्र्यातला चंद्र चालायचा नाही, तेव्हा कुठं मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

तिथून मंडप फैजपूरला आला. हा सगळा केळीचा मुलूख. इथली माणसं रात्री मोटेवर, पाण्याच्या पाळीवर काढणारी, तेव्हा आकाश त्यांच्या रोजच्या कामातलं. मास्तरांना याचा आनंद होता. मला धास्ती वाटायला हवी होती, पण माझ्या अंगात तेवढी अक्कल नव्हती. त्यातच पुण्याहून खगोल जाणणारे एक प्राध्यापक मंडप पाहायला यायचे होते. त्यांनी चांगला अभिप्राय दिला तर जळगावात पक्का घुमट बांधायचा विचार करू, असं शाळेच्या समितीनं मास्तरांना सांगितलं होतं. प्राध्यापकांना आणायला मास्तर भुसावळला गेले आणि त्या दुपारच्या खेळाला बोलायचं काम माझ्यावर सोपवून गेले. मला सगळं पाठ होतं. मी ठेवणीतला कोशाचा रेशमी कोट घातला.

खेळाच्या आधी एक शेतकरी मला येऊन भेटला. भागवत त्याचं नाव, यावलकडच्या एका खेड्यातला. बरोबर त्याचे वडील, सुकदेव आबा. सत्तरीचे, ताठ, डोक्याला पांढरं पागोटं. भागवतनं मला बाजूला घेऊन अडचण सांगितली. आबा एकटेच मळ्यातल्या खोपीत राहत. रात्री मोट जुंपायची वेळ तारे पाहून तेच ठरवत आणि मळ्यातल्या पाण्याची सगळी पाळी त्यांच्या शब्दावर चाले. पण हल्ली ते विसरायला लागले होते. नातवाचं नाव चुकलं, एकदा बैल दुसऱ्याच्याच गोठ्यात बांधून आले. भागवतला धाक होता तो विहिरीचा. त्याला आबांना गावातल्या घरी आणायचं होतं आणि आबा खोप सोडायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, माझं डोकं शाबूत आहे. शेवटी बापलेकांचं असं ठरलं की आबांनी मंडपात सगळे तारे बरोबर सांगावेत. सांगितले तर भागवत खोपीचा विषय पुन्हा काढणार नाही. नाही सांगितले तर आबांनी मुकाट्यानं घरी यायचं. खरंखोटं मी सांगायचं.

मला हे फार आवडलं. पंच म्हणून मला आजवर कुणी बोलावलं नव्हतं.

मंडप भरला होता. पुढं गावातले दोन-चार वजनदार लोक, त्यात समितीचे एक सभासद. मी सूर्य मावळवला, गोळा फिरवला आणि आबांना उभं केलं. मास्तरांचं वाक्यही मी म्हटलं, त्यांच्याहून मोठ्या आवाजात. आबांनी काठीनं दाखवायला सुरुवात केली. उत्तरेला खाटलं, म्हणजे आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो ते, आणि खाटल्याचे पाय चोरून नेणारे तीन चोर. मग ध्रुव, कृत्तिका, तिकांडं म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, आणि व्याध. व्याध किती वर आला की मोट सोडायची, खाटलं उभं झालं की दुसऱ्या वाफ्याला पाणी लावायचं, हेही ते सांगत गेले. मी एकेकाला 'बरोबर' म्हणत होतो, आणि भागवतही खाली मान घालून हसत होता. हरल्याचाच त्याला आनंद झालेला दिसत होता.

मग आबा दक्षिणेकडं वळले. अगस्ती दाखवला. काठी थोडी खाली आली आणि थांबली.

"हे पाच कोनते? हे तठी नाहीत. अगस्तीच्या खाली अंधार राह्यते."

भागवतनं माझ्याकडं पाहिलं. सगळ्यांनीच माझ्याकडं पाहिलं. खरं सांगून टाकलं तर मंडपातला प्रत्येक माणूस ऐकणार की आकाशात पेंटरनं आपली सही केली. मास्तरांचं वाक्य खोटं ठरणार, तेही समितीच्या माणसासमोर, पाहुणे गावात यायच्या दिवशी. असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण तेव्हा मनात एवढं सगळं नव्हतं. तेव्हा फक्त लाज होती, आणि कोशाचा कोट होता.

मी म्हटलं, "आहेत. बारीक आहेत, म्हणून तुमच्या ध्यानात राहिले नसतील."

आबांनी काठीनं ते पाचही एकेक करून पुन्हा मोजले. मग काठी खाली घेतली आणि म्हणाले, "मंग माह्यंच चुकलं असीन." ते खाली बसले. भागवतनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी कंदील उघडून सूर्य उगववला आणि खेळ संपवला. बाहेर पडताना दोघांनी मला नमस्कार केला, तोही मी घेतला.

संध्याकाळी मास्तर पाहुण्यांना घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी खास त्यांच्यासाठी खेळ झाला. प्राध्यापकांनी सगळं पाहिलं, सातपुड्याचं कौतुक केलं, भोकांच्या आकाराबद्दल एकदोन सूचना केल्या. पणती त्यांच्या समोरच होती. ती त्यांना दिसली नाही. विद्वान माणसाला जे दिसलं नाही ते मोट हाकणाऱ्या म्हाताऱ्याला दिसलं, आणि मी त्या म्हाताऱ्याला खोटं पाडलं होतं. तरीही मास्तरांना सांगायला पाहुणे जाईपर्यंत मी थांबलो, हेही इथं लिहून ठेवलं पाहिजे.

पाहुण्यांना निरोप देऊन मास्तर आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. सही, आबा, खोप, सगळं. ते एका ट्रंकेवर बसले. मला वाटलं, आता हाकलून देतील, आणि त्यानं मला जरा बरंच वाटलं असतं. मग उठून त्यांनी लाखेची कांडी आणि मेणबत्ती शोधली.

"भोकं मी बुजवतो. तुम्ही आबांकडं जा. माझं काम सोपं आहे."

त्याच दिवशी त्यांनी पाहुण्यांना पत्रही लिहिलं की आपण पाहिलेल्या आकाशात पाच तारे खोटे होते. माझं नाव त्यांनी घातलं नाही. चूक आमची, एवढंच लिहिलं. पुण्याहून त्याला उत्तर आलं नाही आणि समितीनं विचार करतो म्हणून सांगितलं. ती अजून करत असावी. त्या पत्रामुळं की मुळातच कुणाच्या मनात नव्हतं म्हणून, पण जळगावात घुमट काही झाला नाही. मास्तरांनी त्याबद्दल मला एका शब्दानं कधी ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर मी त्यांच्याशी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

मी दुसऱ्या दिवशी मोटारीनं यावलकडं निघालो. वाटेत मी निरनिराळी भाषणं तयार करत होतो. एकात तर मी मास्तरांची अब्रू वाचवायला खोटं बोललो, असं फार सुंदर मांडलं होतं. फाट्यावर उतरून खेड्यात गेलो. भागवतचं घर विचारायला लागलं नाही. आबा ओट्यावरच बसले होते, अंगाखाली घोंगडी, बाजूला मळ्यातून आणलेली त्यांची खाट उभी करून ठेवलेली. समोरच्या घराची भिंत चार हातांवर होती आणि तिच्यावर गोवऱ्या थापलेल्या होत्या. त्या ओट्यावरून आकाश म्हणावं असं काही दिसत नव्हतं. माझी भाषणं तिथंच विरली.

भागवत आतून आला. मी दोघांसमोर उभ्यानंच सांगून टाकलं की ते पाच तारे नाहीत, कधी नव्हते, ती माझी खूण होती, मी खोटं बोललो. आबांचं सगळं बरोबर होतं. भागवतचा चेहरा लाल झाला. दोन शिव्या देईल असं वाटलं, आणि त्या मी घ्यायला तयारही होतो. पण तो माझ्याकडं न पाहता वडिलांकडं वळला आणि म्हणाला, आबा, चला, ही खाट मी आत्ताच मळ्यात नेऊन टाकतो. त्यानं खाटेला हातही घातला.

आबा उठले नाहीत. त्यांनी मला शेजारी बसायला सांगितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि तेच मला जड गेलं.

"नव्हते ते पाच, हे मले तव्हाबी माहीत व्हतं. इतके वर्सं म्या तठी अंधारच पाह्यला. तरी तुम्ही 'हायेत' म्हनले आन मी 'चुकलं असीन' म्हनलो. माह्या डोयाचं मले खरं वाटलं नाही. आता राती हिरीवर उभं राहून मी कोनाचं खरं मानू?"

भागवत म्हणाला, पण हे स्वतः सांगायला आलेत ना, चूक त्यांची होती. आबांनी मान हलवली. चूक त्यांची होती, पण ऐकलं मी, असं ते म्हणाले. ज्या माणसाला कुणीही मोठ्या आवाजात बोलून फिरवू शकतं, त्यानं रात्री विहिरीच्या काठावर एकटं राहू नये. भागवत जे म्हणत होता ते आता आपल्यालाच पटलंय. खाट इथंच राहू दे.

भागवतनं आणखी दोनदा सांगून पाहिलं. मी पाया पडलो, तर आबा संकोचले आणि आत बघून सुनेला चहा टाकायला सांगितलं. चहा आला. घडातली दोन केळी माझ्या हातात दिली गेली आणि ती मी खाल्ली, कारण नको म्हणण्याचा अधिकार मला उरला नव्हता. नाटकात असला प्रवेश असता तर या ठिकाणी म्हातारा उठला असता, पेंटरला पोटाशी धरलं असतं, आणि मागं मी रंगवलेली पहाट उजाडली असती. इथं नुसत्या समोरच्या भिंतीवरच्या गोवऱ्या होत्या. शेवटी मी विचारलं की परतीची मोटार फाट्यावर किती वाजता येते.

आबांनी ओट्याच्या कडेवरून उतरलेली सावली पाहिली आणि म्हणाले, तीन वाजायला आले, आता निघाल तर मोटार सापडेल. मी उठायला लागलो तसा त्यांनी हात पुढं करून मला थांबवलं आणि मुलाला म्हणाले, भागवत, घड्याळात पाहून सांग बरं.

भागवतनं लग्नातलं घड्याळ आतून आणलं. आबांची वेळ बरोबर होती. त्यानं तसं दोनदा सांगितलं, तेव्हा कुठं त्यांनी मला जाऊ दिलं.